विश्लेषण : जुना संगणक ‘हँग’ का होतो? कमी रॅमवर ऑपरेटिंग सिस्टीमची परीक्षा कशी घेतात?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित अपडेट थांबवले. ‘विंडोज ११’ला किमान ४ जीबी रॅम आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा व्यवस्था लागते. त्यामुळे २ जीबी रॅमचे जुने संगणक भंगारात काढायचे की त्यांवर लिनक्स टाकायचे, हा प्रश्न अनेकांपुढे आहे. लिनक्स ‘हलकी’ असते हे खरे. पण हलकी म्हणजे स्थिर नव्हे.

रॅम भरली की काय होते?

कमी वापरातला डेटा डिस्कवरील ‘स्वॅप’मध्ये हलवला जातो. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद. ही उचल-ठेव वाढत गेली की मूळ काम मागे पडते आणि संगणक त्यातच अडकतो. याला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. स्वॅप बंद ठेवूनही सुटका नाही. कारण मग चालू प्रोग्रामचा कोडच रॅममधून काढून डिस्कवरून पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. माउसचा बाण थिजतो, डिस्कचा दिवा विझत नाही आणि सेव्ह न केलेले काम जाते.

चाचणी कशी होते?

ऑगस्ट २०१९मध्ये लिनक्स कर्नलच्या विकासकांपुढे एक अगदी घरगुती कृती मांडली गेली. रॅम ४ जीबीपुरती मर्यादित करा, स्वॅप बंद करा आणि ब्राउझरमध्ये एकामागून एक टॅब उघडत जा. रॅम संपत आली की संगणक जवळपास ठप्प! महागड्या साधनांची गरजच नव्हती. ‘मेम’ या बूट-पर्यायाने मोठ्या संगणकालाही छोटा असल्याचे भासवता येते. ‘स्ट्रेस-एनजी’सारख्या प्रोग्रामने ताण देता येतो. त्याआधी ‘मेमटेस्ट’ चालवून रॅमची पट्टी तपासणे आवश्यक, अन्यथा खराब पट्टीचा दोष सिस्टीमच्या माथी बसतो.

‘संगणक सुरू झाला’ हा निकाल नव्हे. रॅमची वाट पाहण्यात कामे किती वेळ खोळंबली, हे महत्त्वाचे. ते मोजणारी ‘पीएसआय’ यंत्रणा लिनक्स ४.२०मध्ये आली.

मग उपाय काय?

संगणक गोठण्याआधीच एखादा प्रोग्राम बंद करणे. ‘फेडोरा’ने २०२०मध्ये ‘अर्लीऊम’ व २०२१मध्ये ‘सिस्टमडी-ऊमडी’ स्वीकारले. ‘उबुंटू २२.०४’मध्ये मात्र चालू ब्राउझरच अचानक बंद होतो, अशा तक्रारी आल्या. अँड्रॉइड फोनमध्ये हे रोज घडते. दुसऱ्या अॅपवरून परतल्यावर आधीचे अॅप पुन्हा पहिल्यापासून उघडते, ते बहुधा यामुळेच. दुसरा मार्ग ‘झेडरॅम’चा. त्यात डेटा रॅममध्येच दाबून बसवला जातो. मंद डिस्कच्या संगणकांना याचा चांगला उपयोग होतो.

घरी करून पाहायचे तर?

आधी प्रोसेसर ६४-बिट आहे का ते पाहावे; ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या ‘डेबियन १३’मध्ये ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. पेन ड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ लिनक्स चालवून अंदाज घेता येतो. मात्र अशा वेळी बदललेल्या फायलीही सहसा रॅममध्येच राहतात. त्यामुळे तिथे अडखळलेली सिस्टीम डिस्कवर टाकल्यावर बरी चालू शकते.