पेटी न येणारे पेटीमास्तर

तुमच्यापैकी कितीजण वसतिगृहात राहतात? आमच्या घाटंजी तालुक्यात पोडावरची, तांड्यावरची कितीतरी पोरं आश्रमशाळेत राहूनच शिकतात. दिवाळी करून परत येताना एस.टी.च्या खिडकीतून ती मागे बघत बसतात. अशा पोरांना शाळा सुटल्यावरही जवळ असणारा माणूस लागतो. आज अशाच एका मास्तरांची ओळख करून घेऊ. मात्र त्यासाठी थेट युरोपात, बेल्जियम देशात जायचं बरं का!

तिथल्या मेले नावाच्या गावात २० मार्च १८४१ रोजी लुई-जोसेफ वियो जन्मला. वडील लोहार. लुईनं भट्टीवर काम करून पाहिलं, पण ते काही जमेना. १८५६ साली, पंधराव्या वर्षी, तो ब्रदर व्हायला निघाला. तिथं त्याला नवं नाव मिळालं, म्यूसियां-मारी.

आता ब्रदर म्हणजे कोण? चर्चमध्ये मुख्य उपासना चालवतात ते फादर. ब्रदर लग्न करीत नाहीत, मठात एकत्र राहतात, पण ते फादर नसतात. लुई ज्या संघात गेला तो फ्रान्समध्ये १६८० च्या सुमारास जाँ-बाप्टिस्ट द ला साल यांनी सुरू केला होता. त्यातल्या ब्रदरांचं काम एकच, शिकवणं. त्या काळी मुलांना आधी लॅटिन वाचायला लावत. ला साल म्हणाले, आधी फ्रेंच, म्हणजे मुलांची स्वतःची भाषा! मराठी शाळेत शिकवणाऱ्या मला तर हा माणूस अगदी आपल्यातला वाटतो.

१८५९ मध्ये ब्रदर म्यूसियां मालोन गावच्या निवासी शाळेत आले. वय अठरा. आणि झालं काय, पोरं ऐकेचनात! वर्गात नुसता गोंधळ. वरिष्ठांनी ठरवलं, हा मुलगा मास्तरकीच्या कामाचा नाही, याला परत पाठवावं. ज्या कामासाठी घर सोडलं तेच हातून निसटत होतं. तेव्हा ब्रदर मेसांतिस मध्ये पडले. चित्रकला आणि संगीताचा विभाग त्यांच्याकडे होता. ते म्हणाले, याला माझ्याकडे द्या.

गंमत म्हणजे म्यूसियांना ना चित्रकलेत गती होती, ना संगीतात! मग ते स्वतःच विद्यार्थी झाले. पियानो, पेटी, बासरी, एकेक वाद्य घेऊन तासन् तास सराव. म्हणून काही ते मोठे वादक झाले नाहीत हं. अशा गोष्टींत शेवटी माणूस हटकून पहिला नंबर काढतो, तसं इथं घडलं नाही. ते नवशिक्यांना पहिले धडे देत राहिले. शिवाय मैदानावर आणि अभ्यासाच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवायचं काम होतंच. शेजारच्या गरीब मुलांच्या शाळेतही ते धर्माचे धडे द्यायला जात. मुलं त्यांना ‘सदा प्रार्थना करणारे ब्रदर’ म्हणत. एकाच शाळेत किती वर्षं काढली असतील? ५८!

मला इथं सानेगुरुजी आठवतात. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयही सांभाळू लागले. पोरांच्या खोल्या आवरायच्या, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं आणि वर हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचं. १९३० साली ते नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात गेले. दोघांचे रस्ते किती वेगळे! पण पोरांवर ओरडून नव्हे, त्यांच्यात राहून शिकवायचं, हे दोघांचंही सारखंच.

ब्रदर म्यूसियां ३० जानेवारी १९१७ रोजी वारले. पहिलं महायुद्ध चालू होतं, बेल्जियमचा बराच भाग जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. तरी त्यांच्या कबरीकडे लोकांची रीघ लागली. १० डिसेंबर १९८९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं. वर्गात गोंधळ होतो म्हणून ज्यांना घरी पाठवणार होते, तेच हे!

बरं, तुमच्या वसतिगृहात रात्री दिवे मालवले की शेवटची फेरी कोण मारतं? आठवून लिहा पाहू चार ओळी, आणि त्यांनाच वाचून दाखवा.