मोठ्याने वाचा

जोसेफ कॉनरॅडची ‘द सीक्रेट एजंट’ ही १९०७ सालची कादंबरी २००५ मध्ये काही हौशी वाचकांनी प्रकरणे वाटून घेऊन मोठ्याने वाचली आणि ध्वनिमुद्रित केली. माँट्रियलच्या ह्यू मॅकग्वायर यांनी सुरू केलेल्या ‘लिब्रिव्हॉक्स’ या ध्वनिपुस्तकांच्या उपक्रमाचे हे पहिले पुस्तक. आज तिथे हजारो पुस्तके फुकट ऐकता येतात. वाचणाऱ्याला मानधन नाही, आवाजाची परीक्षाही नाही. दुसरा स्वयंसेवक ऐकून चुका तेवढ्या दाखवतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्कही सोडून दिला जातो. एकाच कादंबरीत प्रकरणागणिक आवाज आणि उच्चार बदलतात, हे खरे. पण केवळ पुस्तकाच्या प्रेमाने वाचायला बसलेल्या माणसाच्या आवाजातली आपुलकी आम्हाला व्यावसायिक सफाईहून मोलाची वाटते.

मराठीतल्या जुन्या पुस्तकांबाबत अशा कामाला कायद्याची आडकाठी नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची तर मांडणीच रात्री सांगितलेल्या आठवणींची, ते पुस्तक कानांनीच ऐकायचे आहे. दृष्टी अधू झालेल्या आजीला, परदेशात वाढणाऱ्या, देवनागरी न येणाऱ्या नातवाला ते ऐकू आले पाहिजे. ध्वनिमुद्रणाची सोय आता हातातल्या मोबाइलमध्ये आहे. वाचकांनी मूळ संहितेची विश्वासार्ह प्रत घ्यावी, पंखा बंद करावा आणि या रविवारी एक प्रकरण वाचून काढावे.