शेतकऱ्याच्या नावावर शिकारीची चैन

टेक्सासमध्ये रायफलीवर थर्मल दुर्बीण चढवून रात्री रानडुकरं टिपणारे लोक स्वतःला शेतकऱ्याचे कैवारी म्हणवतात. हे धडधडीत खोटं आहे. त्या शिकारीच्या चित्रफिती आता आपल्याकडची शेतकऱ्यांची पोरंही एकमेकांना पाठवतात आणि ‘आपल्याला हे कधी मिळणार?’ असं विचारतात, म्हणून हा लेख.

मी डुकरांचा वकील नाही. हरभऱ्याच्या रानात जागल करून, पहाटे डोळा लागला तेवढ्यात अख्खा पट्टा उकरलेला मी पाहिला आहे. टेक्सासच्या शेतकऱ्याचं दुखणंही खरंच आहे. तिथे मक्याची पेरणी झाली की डुकरं तासाला नाक लावतात आणि पेरलेला दाणा न् दाणा ओळीनं काढून खातात. सकाळी रानात फक्त नांगरल्यासारखी माती उरते. डुकरं कमी झालीच पाहिजेत. प्रश्न एवढाच आहे की या बंदूकबाजीनं ती कमी होतात का? होत नाहीत.

मुळात हे संकट आणलं कोणी? स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात अमेरिकेत नेलेली पाळीव डुकरं मोकळी सुटून रानटी झाली, हे खरं. पण 1930च्या दशकात टेक्सासमध्ये युरोपातली रानडुकरं मुद्दाम आणून सोडली, ती निव्वळ शिकारीसाठी. दोन्हींचा संकर झाला आणि आजची जात पसरली. ज्या हौसेनं आग लावली, तीच आता बंब घेऊन आल्याचा आव आणते आहे.

बंबही कसला! थर्मल दुर्बीण उजेडावर चालत नाही, अंगातून निघणाऱ्या उष्णतेवर चालते. ती उष्णता साध्या काचेतून पार होत नाही, म्हणून भिंग जर्मेनियमचं लागतं आणि किंमत हजारो डॉलरांत जाते. काळ्या पडद्यावर पांढरे आकार चरताना दिसतात. मोठ्या मादीवर नेम धरला जातो, ती कोसळते. पिल्लं सैरावैरा धावतात आणि त्यांच्यामागे गोळ्या सुटतात. मग त्यावर संगीत चढवून चित्रफीत तयार होते. या एका रात्रीसाठी हौशी पाहुणे शेकडो डॉलर मोजतात आणि जमीनमालकालाही त्यातून पैसे मिळू लागतात. ज्याला डुकरापासून उत्पन्न आहे, तो डुक्कर संपवेल कशाला? कुंपणच शेत खायला लागतं, ते असं.

कायद्यानं तर दारं सताड उघडी टाकली आहेत. हंगामाचं बंधन नाही, संख्येची मर्यादा नाही. 2011मध्ये हेलिकॉप्टरमधून मारायची मुभा हौशी शिकाऱ्यांना मिळाली, 2017मध्ये उष्ण हवेच्या फुग्यातून. 2019पासून खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. इतकं करून टेक्सासमधल्या डुकरांचा अंदाज वीस लाखांच्या पुढेच आहे. मादी चार महिन्यांच्या आत विते, एका वेताला सरासरी चार ते सहा पिल्लं, आणि ती पिल्लं सहा-आठ महिन्यांत माजावर येतात. संख्या नुसती आहे तिथे रोखायची, तरी दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरं काढावी लागतात, असं तिथलेच कृषितज्ज्ञ सांगतात. रात्रीतून चार-पाच पाडून हे गणित सुटणार नाही.

उलट ते बिघडतं. कळप फुटतो, वाचलेली डुकरं चार दिशांना जातात आणि शहाणी होतात. खरं काम कंटाळवाणं असतं. जाळीचं मोठं रिंगण उभं करायचं, दार उघडं ठेवायचं, आत मका टाकत राहायचं. कॅमेऱ्यावर कळप रोज मोजायचा. शेवटचं पिल्लू आत येईपर्यंत दिवसच्या दिवस थांबायचं आणि मग मोबाइलवरून दार पाडायचं. अख्खा कळप एका रात्रीत संपतो. मधल्या एखाद्या रात्री कुणी शेजारी गोळी झाडली, तर सगळी मेहनत मातीमोल. म्हणूनच मिसुरी राज्याच्या संवर्धन खात्यानं 2016मध्ये आपल्या जमिनींवर डुकरांची शिकार बंद केली. कॅन्ससनं ती 2006मध्येच बंद केली होती. टेनेसीनं नेमकं उलटं करून पाहिलं. तिथे 1999मध्ये राज्यभर शिकार खुली केली, तेव्हा शिकारीच्या लोभानं लोकांनी डुकरं गाड्यांत घालून नव्या भागांत नेऊन सोडली. जिथे ती कधीच नव्हती, तिथे उकरायला लागली. 2011मध्ये त्या राज्याला नियम बदलावे लागले.

हे माहीत असताना तीच बंदूक आपल्या बांधावर आणा म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. आपलं रानडुक्कर बाहेरून आलेलं नाही. ते इथलंच आहे, वाघाचं खाद्य आहे. पिकाचं नुकसान करणारं डुक्कर वन खात्याच्या परवानगीनं मारायची तरतूद कायद्यात आहे, पण ती सामान्य शेतकऱ्याच्या हाताला लागत नाही. मग विदर्भात लोक शेताभोवती जिवंत वीजतार सोडतात. त्यात डुकरं मरतात, वाघ मरतात आणि माणसंही मरतात. या हतबलतेवर हौशी शिकाऱ्यांनी आपली चैन भागवू नये. रात्री पांढरा आकार दिसला म्हणून घोडा ओढणाऱ्याला, तो आकार शेजारच्या रानात जागल करणाऱ्या माणसाचा नाही, याची खात्री कोण देणार?

सरकारनं पंचनामे वेळेत करावेत, भरपाई हंगाम संपायच्या आत द्यावी, कुंपणाला पुरेसं अनुदान द्यावं. जिथे मारणं अटळ आहे तिथे अख्खा कळप धरणारी प्रशिक्षित पथकं पाठवावीत. आणि चित्रफिती पाठवणाऱ्या पोरांनो, पुढची पाठवण्याआधी टेनेसीत काय झालं ते आपल्या गावात सांगा.