बुद्धिमंतांचे आईबाप
सदरमधल्या शाळांतही पालकसभा भरतात. बोलणे होते ते बहुधा गुणांचे. परंतु जे मूल वर्गात कंटाळते आणि घरी प्रश्नांनी भंडावून सोडते, त्याच्या आईबापांनी कोणाजवळ बोलावे? अडचण सांगितली तर ती फुशारकी ठरते! पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी स्थापून अशा मुलांच्या शिक्षणाचा विचार केला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शिक्षकांस त्यांना उत्तेजन देण्यास सांगितले आहे. पालकांच्या वाट्याला मात्र सहसा एकाकीपणच येते. असे दहाबारा पालक महिन्यातून एकदा जाणत्या समुपदेशकासह बसले, तर निदान एवढे उमगेल की, गणित दहावीचे सोडविणाऱ्याचे रडू आठ वर्षांच्या मुलाचेच असते. त्यासाठी एखाद्या शाळेने रविवारी एक खोली उघडून द्यावी.