राणी आणि कव्हर

वैनगंगेकाठच्या भंडारा जिल्ह्यात आषाढात धानाची रोवणी सुरू होते आणि हवेत ओल भरते. पूर्वी अशा दिवसांत पेढीमागच्या खोलीत कॅरम निघे. परंतु ओल धरलेला पट मध्ये खोलगट होई. बोरिक पावडर कितीही भुरभुरली, तरी स्ट्रायकर अर्ध्यावर थबके आणि नेमकी मारलेली सोंगटी भोकाच्या तोंडाशी थांबे.

सर्वाधिक जिवाला लागे ती राणी. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या सोंगट्यांत ती एकटीच लाल. ती मिळाली, तरी लगोलग स्वतःची सोंगटी घालून कव्हर न दिल्यास पुन्हा मध्यभागी ठेवावी लागे. तुमसरच्या एका व्यापारी घरातील धाकटा भाऊ अशा वेळी संतापून पट उधळून देई. आजोबा सोंगट्या गोळा करीत शांतपणे म्हणत, "बिल फाडले म्हणजे कमाई नव्हे, वसुली झाली म्हणजे कमाई."

पुढे भावांच्या वाटण्या झाल्या, बोलणे तुटले. दुकान, गोदाम, भांडी यांची यादी झाली. कॅरम कोणीच मागितला नाही. एका दिवाळीत थोरल्याने तो स्वतः धाकट्याच्या घरी नेला. पट अजूनही खोलगटच होता. त्या रात्री दोन्ही घरची मुले त्याभोवती बसली.