शब्द मोडला, पेढी बुडाली

टोरोंटो शहरात यंग स्ट्रीट आणि क्वीन स्ट्रीट हे दोन रस्ते जेथे परस्परांना छेदतात, त्या चौकातील एका भव्य दुकानाला १ जून २०२५ रोजी कायमचे टाळे लागले. दुकान होते १६७० साली राजसनद मिळालेल्या हडसन्स बे कंपनीचे. कॅनडा हे संघराज्य जन्माला येण्यापूर्वी जवळजवळ दोन शतके व्यवसायात असलेली कंपनी नामशेष झाली. अशा वेळी अर्थपंडितांचा एक ठरावीक सूर लागतो. काळ बदलला, ग्राहक बदलला, बाजाराचा नियम निष्ठुर आहे. जुने पान गळणारच, त्यात कोणाचा दोष?

ज्यांना हा सूर पटतो, त्यांनी त्याच चौकाच्या पलीकडील बाजूचा इतिहास नजरेखालून घालावा. तेथे एकेकाळी ईटन्स नावाची पेढी उभी होती. ती कोणा सनदी कंपनीची नव्हे, तर एका कुटुंबाची. चार पिढ्या चाललेली ही पेढी १९९९ च्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरीत निघाली. तिला बाजाराने मारले, असे म्हणणे म्हणजे मारेकऱ्याला सोडून हवामानावर खटला भरण्यासारखे आहे.

एक भाव, रोख व्यवहार

टिमथी ईटन हा मूळचा आयर्लंडमधील बॅलिमीना परिसरातला. जन्म १८३४ चा. वडील त्याच्या जन्मापूर्वीच निवर्तलेले. लहान वयात त्याने एका दुकानदाराकडे उमेदवारी केली आणि विशीत समुद्र ओलांडून कॅनडा गाठला. लहान गावांतून दुकानदारी केल्यावर १८६९ साली त्याने टोरोंटोच्या यंग स्ट्रीटवर कापडचोपडाचे एक दुकान साडेसहा हजार डॉलरना विकत घेतले.

त्या काळी दुकानात शिरलेला ग्राहक घासाघीस करी. बोलभांड माणसाला माल स्वस्त मिळे, भिडस्ताला महाग. उधारीचे खाते वाढत जाई आणि बुडालेल्या उधारीचा भुर्दंड रोखीने घेणाऱ्या प्रामाणिक माणसावर पडे. टिमथीने दोन्ही प्रथा मोडल्या. सर्वांना एकच भाव, तोही छापील. आणि व्यवहार रोखीचा. त्यावर त्याने तिसरी गोष्ट जोडली. माल पसंत पडला नाही, तर पैसे परत. ही केवळ जाहिरात नव्हती. अनोळखी माणसाने अनोळखी माणसावर विश्वास ठेवावा, यासाठी दिलेला तो शब्द होता.

१८८४ साली पेढीने पहिली सूचिपुस्तिका काढली, तेव्हा हा शब्द खेडोपाडी पोहोचला. पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात शेकडो मैलांत धड दुकान नसलेल्या शेतकऱ्याच्या घरी धर्मग्रंथाच्या खालोखाल मान असे तो या पुस्तिकेला. लग्नाचा पोशाख, नांगराचे सुटे भाग, कंदील, इतकेच काय पण उभे करायचे अख्खे लाकडी घरही टपालाने मागवता येई. पुस्तिका जुनी झाली की मुले ती पायांना बांधून बर्फावर हॉकी खेळत. कधीही न पाहिलेल्या दुकानावर विसंबून वर्षाची पुंजी पाठवणाऱ्या त्या शेतकऱ्यांच्या जोरावर ईटन्स राष्ट्रीय संस्था झाली. १९३० च्या सुमारास देशातील अशा बहुविभागी दुकानांच्या एकूण विक्रीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या ईटन्सचा होता.

टिमथी धर्मनिष्ठ मेथडिस्ट होता. त्याच्या दुकानात तंबाखू विकली जात नसे. रविवारी दर्शनी काचांवर पडदे ओढले जात. इतर दुकाने रात्री उशिरापर्यंत चालत, तेव्हा त्याने संध्याकाळी सहाला दुकान बंद करण्याचा पायंडा पाडला. त्याचा मुलगा जॉन क्रेग याने पहिल्या महायुद्धात सैन्यात गेलेल्या नोकरांचे वेतन चालू ठेवले. विवाहितांना पूर्ण, अविवाहितांना निम्मे. १९१७ साली हॅलिफॅक्स बंदरात स्फोट होऊन शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा मदतसाहित्याची गाडी घेऊन तो स्वतः तेथे गेला. १९१९ साली, पेढीच्या पन्नासाव्या वर्षी, नोकरांनी टिमथीचा पुतळा मालकांना भेट दिला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचे श्रेय नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल.

कुटुंब कोणाचे?

पण येथेच या पेढीच्या मुळाशी असलेला दोष दिसतो. ग्राहकाला दिलेला शब्द छापील होता, नोकराला दिलेला शब्द मात्र मालकाच्या मर्जीचा होता. ‘आपण सारे एक कुटुंब’ हे वाक्य ऐकायला गोड खरे. परंतु घरातील माणसाने तोंड उघडले की कुटुंबप्रमुख काय करतो, यावर ते कुटुंब आहे की चाकरी, हे ठरते.

१९१२ साली ईटन्सच्या शिवणकारखान्यात याची परीक्षा झाली. अंगरख्यांना अस्तर शिवण्याचे जे काम स्त्रिया हाताने करीत, ते पुरुष शिंप्यांनी यंत्रावर करावे आणि त्याचा वेगळा मोबदला मागू नये, असा हुकूम निघाला. बहुतांश ज्यू असलेल्या या शिंप्यांनी नकार दिला. वाढीव काम फुकट करावे लागेल हा प्रश्न होताच. पण आपल्या भगिनींच्या तोंडचा घास आपण काढून घेणार नाही, ही त्यांची भूमिका होती. हजारांहून अधिक कामगार संपावर गेले. कुटुंब खरेच कोणी जाणले होते? मालकाने की या शिंप्यांनी? चार महिन्यांनी संप मोडला. तीन वर्षांनी, १९१५ मध्ये, जॉन क्रेग ‘सर’ झाला.

१९३४ साली भावांतील तफावत आणि घाऊक खरेदीच्या चौकशीसाठी संसदेने नेमलेल्या समितीपुढे मंदीच्या काळात शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना मिळणाऱ्या तुटपुंज्या मजुरीचा पाढा वाचला गेला, तेव्हा ईटन्सचे नाव त्यात होते. १९४८ पासून कर्मचाऱ्यांनी संघटना बांधण्याचा चिकाटीने प्रयत्न केला. तेव्हा मालकांना अचानक निवृत्तिवेतनाची आठवण झाली, पगारही वाढले, आणि १९५१ च्या अखेरीस झालेल्या मतदानात संघटना थोडक्यात हरली. मागितल्यावर जे द्यायचे नाही, तेच मागणाऱ्याचे बळ तोडण्यासाठी द्यायचे, याला औदार्य म्हणत नाहीत.

भाषेच्या बाबतीतही हाच कोतेपणा होता. फ्रेंच भाषकांच्या मॉन्ट्रियलमध्ये ईटन्स इंग्रजीच्या तोऱ्यात वागते, ही तक्रार पिढ्यानपिढ्या होत राहिली. रॉक कॅरिये यांच्या ‘द हॉकी स्वेटर’ या कथेतील आईला ईटन्सचे इंग्रजी मागणीपत्रक भरण्याचा तिटकारा असतो. ती साधे पत्र लिहिते आणि पोराला येतो तो नेमका प्रतिस्पर्धी संघाचा सदरा. कॅनडातील शाळकरी मुलेही ही कथा वाचून हसतात. ज्याच्या पैशावर दुकान चालते, त्याची भाषा ज्या दुकानाला शिकाविशी वाटत नाही, त्या दुकानाला ग्राहकाचे मन कळणार कसे?

वारसांची करामत

चौथ्या पिढीपर्यंत पेढी ही जबाबदारी न उरता मालमत्ता झाली. १९७६ साली तोट्याचे कारण देऊन सूचिपुस्तिका बंद करण्यात आली. सुमारे नऊ हजार माणसांचा रोजगार गेला. ज्या दूरदूरच्या घरांनी ईटन्स मोठी केली, त्यांच्याशी असलेला ब्याण्णव वर्षांचा धागा तुटला. पुढच्याच वर्षी टोरोंटोत काचेच्या छताचे झगमगीत ईटन सेंटर उघडले. १९८८ साली सूत्रे जॉर्ज ईटन यांच्याकडे आली. हे गृहस्थ त्याआधी फॉर्म्युला वन शर्यतींत मोटार हाकण्यासाठी प्रसिद्ध होते. १९९१ मध्ये पेढीने हंगामी सवलतीच दूर केल्या आणि रोजचाच भाव वाजवी असल्याचे जाहीर केले. देशात मंदी होती. लोकांना भाव वाजवी वाटले नाहीत आणि ते निमूटपणे दुसऱ्या दुकानात गेले. चूक कळून धोरण बदलायला चार वर्षे लागली.

१९९७ च्या फेब्रुवारीत पेढीने धनकोंपासून संरक्षणासाठी न्यायालयाची पायरी चढली. १९९८ साली समभाग १५ डॉलरना विक्रीस काढले. वर्षभरात त्यांची किंमत डॉलरच्याही खाली आली. पुढे सिअर्स कंपनीने ईटन्सचे नाव घेऊन काही दुकाने चालवून पाहिली, तीही २००२ मध्ये आटोपली. कर्मचारी रस्त्यावर आले. ‘कुटुंब’ या शब्दाचा खरा अर्थ त्या दिवशी सर्वांना कळला. कुटुंबाचे आडनाव असलेली माणसे बुडाली नाहीत, आडनाव नसलेली बुडाली.

सोयीची दोन स्पष्टीकरणे

बाजारवादी म्हणतात, हा निसर्गनियम आहे. स्वदेशीचे काही भाबडे समर्थक म्हणतात, वॉलमार्टने गिळले. दोन्ही स्पष्टीकरणे सोयीची आणि म्हणूनच अपुरी आहेत. वॉलमार्टने १९९४ साली वूल्कोची १२२ दुकाने विकत घेऊन कॅनडात पाऊल ठेवले, हे खरे. आणि तिने अनेकांचे कंबरडे मोडले, हेही खरे. पण सूचिपुस्तिका त्याआधी अठरा वर्षे बंद झाली होती आणि ग्राहक त्याआधीच उठून गेले होते. परकी फौज शिरते ती तटबंदीला आतून खिंडार पडलेले असते म्हणून. इतिहास जाणणाऱ्यांना हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या कथेचा भारताशी संबंध नाही, असे कोणी समजू नये. २०१२ साली बहुविध नाममुद्रांच्या किरकोळ विक्रीत ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला केंद्राने मान्यता दिली, तेव्हा देशभर वादळ उठले. २०१८ मध्ये त्याच वॉलमार्टने फ्लिपकार्टचा बहुतांश हिस्सा ताब्यात घेतला. देशी दुकानदाराला संरक्षण हवे, ही मागणी न्याय्य आहे. परंतु संरक्षण कशाचे? ग्राहकाशी तुसडेपणाने वागण्याचे? पंधरा वर्षे राबलेल्या नोकराला भविष्यनिर्वाह निधीत न नोंदवण्याचे? ‘घरचाच माणूस’ म्हणत त्याला सुट्टी नाकारण्याचे? यासाठी समाजाने कोणाच्या पाठीशी उभे राहावे?

पेढीवर आजोबांची तसबीर लावून हार घालणे सोपे आहे. आजोबांनी दिलेला शब्द पाळणे कठीण आहे. गल्ल्यावर बसणारा वारस हा मालक नसून विश्वस्त आहे, आणि त्या विश्वस्तनिधीत ग्राहकाचा विश्वास व नोकराचे आयुष्य या दोन ठेवी आहेत. त्या ठेवींना हात घालणाऱ्या पेढीला ना आडनाव वाचवते, ना आयातबंदी.

टिमथीच्या पुतळ्याच्या पायाचा अंगठा चोळला की भाग्य उजळते, अशी टोरोंटोकरांची समजूत होती. लक्षावधी हातांनी तो अंगठा लख्ख झाला. पुतळा आज वस्तुसंग्रहालयात आहे आणि अंगठा अजूनही चमकतो. त्याच्या वारसांनी पूर्वजाचा अंगठा चोळण्याऐवजी त्याच्या पावलावर पाऊल टाकले असते, आणि त्याने जे अर्धेच केले ते पूर्ण केले असते, तर?