चाक चकाचक करा, पण मोटारीच्या खोलीत नको

आज पिकावर नाही, चाकावर लिहितो. हसू नका, विषय शेवटी विहिरीपर्यंत जातो.

आपल्या पोरांना सध्या एक नाद लागलाय. गाडीच्या अलॉय व्हीलवरचं, म्हणजे आपल्या बोलीतल्या मॅकव्हीलवरचं, लॅकर काढायचं आणि आतलं ॲल्युमिनियम आरशासारखं घासायचं. मोबाईलवर व्हिडिओ बघतात आणि रविवारी सकाळी चाक खोलून बसतात. पोरगं हाताने काहीतरी करतंय याचं मला बरंच वाटतं. माझा आक्षेप दोनच गोष्टींना आहे. रिमूव्हर कुठं बसून वापरतात, आणि घासलेलं चाक तसंच उघडं ठेवून शेतात नेतात.

लॅकर म्हणजे चाकावरचा पारदर्शक थर. त्याचं काम पाणी आणि हवा ॲल्युमिनियमपासून लांब ठेवणं. दगड लागून टवका उडाला की तिथून पाणी आत शिरतं आणि थराखाली अळीने पान पोखरावं तशा पांढऱ्या रेघा पसरत जातात. एकदा ते झालं की कितीही धुवा, जात नाही. तेव्हा लॅकर काढावंच लागतं. पण थर शाबूत असताना केवळ चमक पाहिजे म्हणून काढणं मला पटत नाही.

आता रिमूव्हर. बऱ्याच जोरदार पेंट रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराईड असतं. लावलं की पाच-दहा मिनिटांत लॅकर सुरकुततं, म्हणून पोरांना आवडतं. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती खाली साचते. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत उतरताना आपण जसे भितो, तसाच हा प्रकार आहे. आणि आमची पोरं पाऊस नको, धूळ नको म्हणून मोटारीच्या खोलीत दार लावून बसतात! आधी गरगरतं, मग शुद्ध जाते. श्वासातून आत गेल्यावर शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, म्हणजे हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला तर जास्तच धोका. अमेरिकेने २०१९ साली हे घातलेले रिमूव्हर घरगुती ग्राहकाला विकायला बंदी केली, कारण बंद जागेत माणसं मेली होती. फवारणीचा कापडी मास्क इथं काही कामाचा नाही, आणि पातळ हातमोज्यातून तर ते बघता बघता आत उतरतं. डब्यावर हे नाव असेल तर घेऊच नका. नसलेलं घ्या, त्याला दोन-चार तास जास्त लागतील, लागू द्या. तेसुद्धा उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, टायर उतरवून. रबराला आणि ब्रेकच्या डिस्कला लागू देऊ नका.

काहीजण पैसे वाचवायला कॉस्टिक सोडा लावतात. डेअरीच्या ॲल्युमिनियमच्या कॅनला आपण कॉस्टिक लावतो का? नाही, कारण ते धातूच खातं. फेस येतो, चाक तापतं, काळं पडतं, आणि निघणारा वायू हायड्रोजन असतो. शेजारी विडी पेटवणारा कोणी असला तर बघायलाच नको.

घासण्याचं काम सोपं पण कंटाळवाणं. वॉटर पेपर २२० किंवा ३२० नंबरचा घेऊन सुरुवात, मग ४००, ८००, १२००, २०००. पाणी लावूनच घासायचं, ॲल्युमिनियमची कोरडी भुकटी उडवायची नाही. मागच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद धरला की शेवटी पॉलिश मारल्यावर ते सगळे उठून दिसतात. पॉलिश करताना फडकं काळं होतं ते बरोबरच आहे, धातूच निघत असतो. ग्राइंडर मात्र चाकाला लावू नका. टायर जिथं बसतो ती कड खाल्ली गेली तर ट्यूबलेस टायर हवा धरणार नाही.

आणि मग? आरसा झाला. पण आपली गाडी शहरातल्या सोसायटीत उभी राहत नाही. डिकीत पोटॅशचं पोतं असतं. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये जवळपास निम्मं क्लोराईड असतं आणि ओलाव्यात क्लोराईड ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. द्राक्षवाल्यांचं तर आणखी अवघड. बोर्डो करताना (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) आपण लोखंडी विळा बुडवून बघतो. त्यावर तांबूस थर आला की चुना कमी पडलाय. तसंच मोरचुदाचं पाणी उघड्या ॲल्युमिनियमवर पडलं की तांबं तिथं बसतं आणि त्याच्या भोवतीचा धातू झिजत जातो. चुना जास्त असला तर तोही ॲल्युमिनियमला सोडत नाही. दोन्हीकडून मार.

म्हणून माझं मत असं, की शेतात जाणाऱ्या गाडीला आरसा नको. ८०० वर थांबा, थिनरने तेल-चिकट पुसा आणि पेंटरकडून पुन्हा पारदर्शक थर मारून घ्या. खूप गुळगुळीत आरशावर तो थर नीट धरतही नाही. फक्त लग्नाकार्याला निघणारी गाडी असेल तर खुशाल आरसा करा, आणि दर महिन्याला मेण लावत बसा.

सगळ्यात जास्त राग येतो तो धुण्याचा. रिमूव्हरचा चिखल विहिरीच्या कठड्याजवळ धुतात, किंवा चाक धुवायला फवारणीचा पंप वापरतात आणि उद्या त्याच पंपाने मिरचीवर औषध मारतात. तो चिखल आधी पुठ्ठ्याने खरवडून पत्र्याच्या डब्यात घ्या, झाकण लावून ठेवा आणि गॅरेजवाल्याच्या रंगाच्या कचऱ्यात द्या. उरलेला रिमूव्हर थंड पेयाच्या बाटलीत कधीच भरू नका, घरात लहान मुलं असतात.

चाक बसवताना नट समोरासमोर आवळा, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.